‘जेस्तुर’ म्हणजे कोण?

फेरो बेटांवरच्या तोर्शाव्हनमध्ये आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथे जिन्याखालच्या टेबलावर एक जाड वही ठेवलेली होती. पुठ्ठ्यावर एकच शब्द होता. रोमन अक्षरं लावत मी तो मोठ्याने वाचला, ‘गेस्ताबोक’. गेस्ता म्हणजे पाहुण्यांची, बोक म्हणजे वही, एवढं मुलीने कोपनहेगनहून निघतानाच सांगून ठेवलं होतं. माझा आवाज ऐकून घरमालकीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “गे नाही, जे. जेस्ताबोउक.” मग तेच बोट माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “आणि तुम्ही जेस्तुर.”

मी पुण्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं असा शब्द समोर आला की तो सोडून पुढे जाणं मला जमत नाही. ‘ग’ लिहून ‘ज’ का म्हणता, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “त्याचं कारण आमच्या पाद्रीबाबांना विचारायला हवं, पण ते जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.”

हे पाद्री म्हणजे हामर्सहाइम्ब. फेरो बेटं स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात आहेत. अठरा बेटं, चौदाशे चौरस किलोमीटरच्या आत जमीन आणि आज पन्नास-पंचावन्न हजार माणसं. इथे बोलतात ती फेरोई भाषा जुन्या नॉर्सची, म्हणजे वायकिंगांच्या भाषेची, लेक. धर्मसुधारणेनंतर देऊळ, कचेरी आणि शाळा यांत डॅनिश आली आणि पुढची तीनशे वर्षं फेरोई फक्त तोंडात राहिली. चुलीपाशी, होडीत आणि रात्रभर चालणाऱ्या पोवाड्यांच्या नाचात ती जगली, पण तिला लेखी रूप नव्हतं. १७८१-८२मध्ये येन्स क्रिस्तियान स्वाबो नावाचा इथलाच माणूस गावोगाव हिंडला आणि त्याने शब्द गोळा केले. ते त्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले. १८४६मध्ये हामर्सहाइम्बने लेखनपद्धती घातली ती बरोबर उलटी. उच्चार गावागणिक बदलतो, तेव्हा लिहिताना शब्दाचं मूळ दिसलं पाहिजे, असं त्याचं धोरण. म्हणून ‘क’ लिहितात आणि कित्येक ठिकाणी ‘च’ म्हणतात. बिशपांचं जुनं गाव कागदावर ‘किर्क्युबेउर’ असतं आणि तोंडात चिर्चुबेवुर होतं. जेस्तुरमधला ‘ग’ असाच पूर्वजांच्या मानासाठी ठेवलेला आहे.

मराठीत शुद्धलेखनावरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत, आणि ‘बोलतो तसं लिहा’ या बाजूची मी आहे. तरीही हामर्सहाइम्बचे मी आभार मानते. त्याने तो ‘ग’ राखला नसता तर हा शब्द कुठून आला हे माझ्यासारख्या परक्या बाईला दिसलंच नसतं. गंमत अशी की इंग्रजीतला ‘गेस्ट’सुद्धा हाच. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘य’कडे झुकलेला होता. त्याला आजचा खणखणीत ‘ग’ मिळाला तो नॉर्स बोलणाऱ्या दर्यावर्दींकडून. म्हणजे ज्यांनी दुसऱ्याला ‘ग’ दिला, त्यांच्याच फेरोतल्या वंशजांच्या तोंडी तो पुढे मऊ होऊन ‘ज’ झाला.

या शब्दाचं सगळ्यात जुनं रूप मी योगायोगाने फेरोला जाण्याच्या चारच दिवस आधी पाहिलं होतं, पण तेव्हा मला त्याची ओळख नव्हती. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेच्या पेटीत दोन सोनेरी शिंगं आहेत. ती मूळची नव्हेत, नकला आहेत. अस्सल शिंगं डेन्मार्कच्या दक्षिण सीमेजवळ गालेहुस गावात सापडली, एक १६३९ साली आणि दुसरं १७३४ साली. १८०२मध्ये एका सोनाराने ती चोरून वितळवली. चोर पकडला गेला, सोनं मात्र गेलं ते गेलंच. सुदैवाने त्याआधी दोन्हींची चित्रं काढून ठेवलेली होती. दुसऱ्या शिंगाच्या काठावर रून लिपीत एक ओळ कोरलेली होती. इसवी सन ४००च्या आसपास ते शिंग घडवणाऱ्याने आपलं नाव सांगून ‘हे मी केलं’ असं म्हटलं आहे. त्याचं नाव ह्लेवगास्तिझ. मी पेटीभोवती फिरून ती उभ्या-तिरप्या रेघांची अक्षरं पाहिली. आपल्याकडच्या ताम्रपटावर कोरक्याचं नाव शेवटी येतं, तसंच हे, असं मनात आलं आणि मी पुढे गेले. त्या नावातला ‘गास्तिझ’ म्हणजेच जेस्तुर, हे तोर्शाव्हनमधल्या त्या संध्याकाळी कळलं. नावाचा पहिला भाग ‘कीर्ती’ असा लावतात किंवा ‘आसरा’ असा. दुसऱ्या भागाबद्दल वाद नाही.

पण चौथ्या-पाचव्या शतकात गास्तिझ म्हणजे काय? पाहुणा की परका? त्याच काळात वुल्फिला नावाच्या बिशपाने बायबल गॉथिक भाषेत नेलं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अनोळखी माणसाला घरात घेतल्याचा प्रसंग आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ परका, परदेशी. वुल्फिलाने तिथे जो गॉथिक शब्द ठेवला तो याच घरातला, ‘गास्त्स’. म्हणजे त्या काळी हा शब्द दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा होता. तो घरात आला, पाटावर बसला, तरी शब्द तोच.

भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. याच मुळापासून लॅटिनमध्ये ‘होस्तिस’ आला. होस्तिस म्हणजे शत्रू. मात्र व्हॅरो आणि सिसेरो हे दोघंही रोमन लेखक लिहून गेले आहेत की पूर्वी या शब्दाचा अर्थ शत्रू नव्हता, परका माणूस एवढाच होता. त्याच मुळाचं दुसरं रूप ‘होस्पेस’ म्हणजे यजमान, आणि पाहुणाही. होस्पेसच्या शेपटाला जो ‘प’ आहे तो आपल्या ‘पति’चा भाऊबंद. परक्याचा धनी तो होस्पेस. होस्पेसपासून हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल. पोर्तुगीजांनी हॉस्पिटल गोव्यात आणि वसईत आणलं आणि आपण त्याचं इस्पितळ केलं. माझी आजी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी सरकारी दवाखान्याला इस्पितळच म्हणायची. तिच्या तोंडातला तो शब्द आणि तोर्शाव्हनच्या वहीवरचा शब्द एकाच मुळाचे निघावेत, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

आमच्या गावातली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळेच मला जेस्तुर लवकर कळला. अनोळखी माणूस पाराशी आला की पहिली हाक असायची, “काय पाव्हणं, कुण्या गावचं?” त्याचं नाव माहीत नाही, जात माहीत नाही, तो चोर की साव तेही माहीत नाही, तरी तो पाव्हणा. संस्कृत ‘प्राघूर्ण’वरून प्राकृतात ‘पाहुण’ आणि त्याचा आपला पाहुणा. घूर्णमध्ये फिरणं, भोवंडणं आहे. म्हणजे पाहुणा मुळात भटक्या. ‘अतिथी’चं मूळही ‘अत्’ म्हणजे हिंडणं या धातूत दाखवतात. हे शब्द गास्तिझच्या कुळातले नाहीत, पण वाट तीच चालले आहेत. आधी चालता माणूस, मग दारातला माणूस, मग ताटावरचा माणूस.

गास्तिझची वाट मात्र नेहमी ताटापर्यंत गेली नाही. तेराव्या शतकात नॉर्वेत ‘राजाचा आरसा’ नावाचा ग्रंथ झाला. बाप मुलाला दरबारच्या रीती सांगतो, असा त्याचा घाट. राजाच्या पदरी माणसांची एक पलटण होती, तिचं नाव ‘गेस्तीर’, शब्दशः पाहुणे. पगार खाशा शिलेदारांच्या निम्मा. त्यांचं काम राजाच्या शत्रूंचा माग काढायचा, धाड घालायची, वसूल आणायचा. त्यांना पाहुणे का म्हणतात, तर ते पुष्कळांच्या घरी जातात, मात्र सगळीकडे चांगल्या मनाने जातात असं नाही, असं तो बाप समजावतो. गावच्या बाईने दार उघडावं आणि बाहेर राजाचे असे पाहुणे असावेत, या कल्पनेनेच काटा येतो.

राजा आणि फेरो यांचा संबंध मी मुद्दाम जोडत नाही. नॉर्वेच्या गादीसाठी लढून १२व्या शतकाच्या शेवटी राजा झालेला स्वेरिर लहानाचा मोठा झाला तो याच चिर्चुबेवुर गावात. त्याचा काका तिथे बिशप होता आणि पोराला पाद्री करायचं घाटत होतं. तोर्शाव्हनहून बसने अर्ध्या तासाच्या आत आपण तिथे पोचतो. समुद्राकाठी छप्पर नसलेल्या अर्धवट मोठ्या देवळाच्या भिंती उभ्या आहेत आणि शेजारी काळ्या ओंडक्यांचं शेतघर आहे. गेली साडेचारशे वर्षं एकाच घराण्याची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घराचा काही भाग पाहायला मिळतो. मी जाऊन आले, आणि मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्या घरात सापडलं.

जुन्या फेरोई घरात मुख्य खोली म्हणजे ‘रॉइक्स्तोवा’, धुराची खोली. मध्ये चूल, वर आढ्यापाशी एक झडप, धूर जायला आणि उजेड यायला तीच. भिंतीला खिडकी नाही. घरातली सगळी माणसं त्याच खोलीत जेवत, झोपत आणि हिवाळ्याच्या रात्री लोकर पिंजत, कातत, विणत बसत. त्या बसण्याला त्यांनी ‘संध्याकाळची बैठक’ अशा अर्थाचं नावच दिलं होतं. गोष्टी, कोडी, पोवाडे सगळं त्या बैठकीत चाले, आणि बिनलेखी भाषा टिकली ती तिथेच. पुढे बऱ्या घरांनी या खोलीला लागून दुसरी खोली काढली, ‘ग्लास्तोवा’. नावातच काच आहे. तिला काचेची खिडकी होती, धूर नव्हता, जमीन घासलेली होती. ही खोली पाहुण्यांची.

दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर मी बराच वेळ उभी होते. आपल्या वाड्यांत माणूस कोण ते तो कुठवर येतो त्यावरून कळायचं. परका ओसरीवर, पाहुणा सोप्यात, सोयरा माजघरात. फेरोत उलट दिसलं. घरच्यांच्या वाट्याला धूर आणि काळोख, अन् घरातला एकुलता एक उजेड आल्यागेल्यासाठी राखलेला. त्या काळी काच जहाजातून यायची आणि महाग असायची. एवढी किंमत मोजून घरात उजेड आणला आणि तो स्वतःकडे न ठेवता पाहुण्याच्या खोलीत लावला. पोकळ दिखाव्यासाठी कुणी इतकं करेल, हे मला पटत नाही.

याचं कारण समुद्राकडे पाहिल्यावर मिळतं. रस्ते आणि बोगदे आले ते विसाव्या शतकात. त्याआधी एका गावातून दुसऱ्या गावी जायचं तर डोंगर ओलांडायचा किंवा होडी वल्हवायची. पुष्कळ गावांना धक्का नाही. कड्याखालच्या खडकावर लाट चढते त्या क्षणी उडी मारून उतरायचं. उतरलेला माणूस परत कधी जाणार हे त्याच्या हातात नसे आणि यजमानाच्याही. वारा फिरला की आठवडा, कधी त्याहून जास्त. अशा ठिकाणी ‘हा परका, याला बाहेर ठेवा’ असं म्हणण्याची सोयच नव्हती, कारण बाहेर फक्त पाणी होतं. फेरोई भाषेत परका आणि पाहुणा हे एकाच शब्दात राहिले याचं श्रेय मी मनाच्या मोठेपणाइतकंच त्या उतरण्याच्या जागांना देते.

त्यात सक्तीही होती. पाद्री, न्यायाधीश, कचेरीचा माणूस दौऱ्यावर निघाला की त्याला पुढच्या गावी पोचवणं हे गावावर बंधन होतं. याला ‘शुत्स’ म्हणत. गावातला नेमलेला माणूस घरोघर सांगत फिरे, वल्ही मारायला अमुक जणांनी यायचं. मग ते चारा कापणं टाकून निघत. मोबदला ठरलेला आणि थोडा. आपल्याकडची वेठ आठवते. गावातल्या सुस्थितीतल्या कुळांकडे, विशेषतः डेन्मार्कच्या राजाची जमीन कसणाऱ्यांकडे, हे लोक मुक्कामाला असत. अशा पाहुण्याला ग्लास्तोवा उघडून देताना प्रत्येक वेळी घरच्या बाईला आनंदच होत असेल, असं मी म्हणणार नाही.

परदेशी माणूस तर तसा दुर्मिळच, कारण व्यापार राजाच्या मक्त्यात होता. १ जानेवारी १८५६ला तो मक्ता उठेपर्यंत बाहेरच्या जहाजाशी सरळ देवघेव करायला बंदी होती. तरी समुद्र माणसं आणून टाकायचाच. १७०७ सालच्या शेवटच्या दिवशी ‘नॉर्वेचा सिंह’ नावाचं डॅनिश व्यापारी जहाज एस्तुरॉय बेटावर लाम्बाविकच्या खाडीत फुटलं. ते हिंदुस्थानच्या वाटेवर होतं. कोरोमांडलच्या किनाऱ्याकडे निघालेले खलाशी ऐन हिवाळ्यात फेरोच्या किनाऱ्यावर लागले. त्या जहाजाची घंटा तोर्शाव्हनच्या मोठ्या चर्चला मिळाली. चर्चमधून निघताना मी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. आपल्या देशाकडे निघालेलं काहीतरी तीनशे वर्षं इथे अडकून आहे, असं वाटलं.

दार उघडावं की लावावं, हा प्रश्न १६२९मध्ये रक्तातून आला. सुदुरॉय बेटावरच्या ह्वाल्बा गावावर उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी धाड घातली आणि तीसहून अधिक बायका-मुलं गुलाम म्हणून उचलून नेली. लोकांच्या आठवणीत ते ‘तुर्क’ म्हणून राहिले. त्यांना जेस्तुर कुणी म्हटलं नाही.

पण ज्यांना कधीच कुणी जेस्तुर म्हटलं नाही असे आणखी काही होते आणि ते फेरोच्या अगदी पायात आहेत. ८२५च्या सुमारास दिकुइल नावाच्या आयरिश साधूने जगाच्या मापाबद्दल पुस्तक लिहिलं. त्यात उत्तरेच्या समुद्रातल्या बेटांची हकीकत आहे. आमच्याकडचे तपस्वी तिथे जवळजवळ शंभर वर्षं राहत होते, आता उत्तरेकडच्या लुटारूंमुळे बेटं ओस पडली आहेत आणि मेंढ्या अन् समुद्रपक्षी तेवढे आहेत, अशा अर्थाचं तो लिहितो. ही बेटं बहुधा फेरोच. माणूस नॉर्स लोकांच्या आधी इथे पोचला होता हे आता मातीनेही सांगितलं आहे. सान्दॉय बेटावर जळालेले जवाचे दाणे सापडले आणि एका तळ्याच्या गाळात मेंढ्यांच्या खुणा सापडल्या, दोन्ही वायकिंगांच्या काही शतकं आधीच्या.

स्त्रेय्मॉय बेटावर वेस्टमान्ना नावाचं गाव आहे, जुनं नाव ‘पश्चिमवाल्यांचं बंदर’. हे पश्चिमवाले म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचे गेल लोक. नकाशा काढून पाहा. फेरोवरून आयर्लंड दक्षिणेला आहे, पश्चिमेला नाही. पश्चिमेला ते दिसतं नॉर्वेतून. म्हणजे ज्यांनी नाव ठेवलं ते नव्या बेटावर आले तरी दिशा माहेरच्याच वापरत होते. दुसऱ्याला परका म्हणणारा स्वतःच कालपरवा उतरलेला, हे त्या एका गावाच्या नावात गोठून राहिलं आहे.

गेल माणसं पाहुणी नव्हती, आणि सगळी गेलीही नाहीत. आजच्या फेरोई लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. बापाकडची वंशावळ बहुतांश स्कँडिनेव्हियाकडे जाते, आईकडची बहुतांश ब्रिटिश बेटांकडे. किती जणी राजीखुशीने आल्या आणि किती जणी ओढून आणल्या गेल्या, ते रक्त सांगत नाही. भाषा थोडं सांगते. याकोब याकोबसेन आणि क्रिस्तियान मात्रास या फेरोई विद्वानांनी फेरोईतले गेलिक शब्द वेचले. ते कुठले आहेत पाहा. ताकाचा शब्द. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर राहायच्या जागेचा शब्द. बैलाचा शब्द. कापलेल्या जनावराच्या शेपटाकडच्या मांसाचा शब्द. राजाचा नाही, कायद्याचा नाही, देवाचा नाही. दूध घुसळणाऱ्या, गुरं राखणाऱ्या हातांनी आणलेले हे शब्द आहेत. त्या बायकांना पाहुणी म्हणून कुणी काचेच्या खोलीत बसवलं नसेल. त्या धुराच्या खोलीत गेल्या, आणि तिथे जी भाषा घडली तिच्या आया झाल्या. या शब्दाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळणं मला मान्य नाही.

फेरोईत परक्यासाठी आणखी शब्द आहेत. ‘उत्लेन्दिंगुर’ म्हणजे बाहेरच्या भूमीचा, हा सरळ परदेशी. ‘फ्रेमान्दुर’ म्हणजे अनोळखी, परका. हा उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांकडून डॅनिशमध्ये आलेल्या शब्दाच्या वळणाचा आहे. त्याच्या मुळाशी ‘दूर, पलीकडे’ असा अर्थ आहे. आणि याचंही पुढे काय झालं बघा. स्वीडनमध्ये घरी पाहुणे यायचे असले की आजही ‘आमच्याकडे परके यायचेत’ असंच म्हणतात. परक्यासाठी नवा शब्द आणावा तर तोही चार पिढ्यांत ताटावर येऊन बसतो.

एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतलं आणि काही दिवसांत ब्रिटिश सैन्य फेरोत उतरलं. तीस हजारांच्या आतल्या वस्तीत हजारो सैनिक आले. घरमालकीणबाईंनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं मला सांगितलं. पहिल्या आठवड्यात लोक खिडकीआडून बघत, महिन्याभराने सैनिक त्यांच्या आजीच्या हातचा रुबार्बचा मुरंबा खात होते. दीडशेहून जास्त फेरोई मुलींनी सैनिकांशी लग्नं केली. गासादालुर गावाच्या कड्याखालून वर यायला त्या वेळी ब्रिटिशांनी पायऱ्या बांधल्या आणि वागार बेटावरची धावपट्टीही त्यांनीच केली. आज फेरोला येणारा प्रत्येक विमानप्रवासी त्या जागी उतरतो.

उतरतो, पण धुकं नसेल तर. आमचं परतीचं विमान धुक्याने रद्द झालं. या धुक्याला ते ‘म्योर्ची’ म्हणतात, आणि डोंगरमाथ्यावर टोपीसारखं बसतं त्याला वेगळं नाव आहे. खिडकीतून समोरचं घर दिसेना. आमचं भाडं आदल्या दिवसापर्यंतचंच दिलेलं होतं. मी पाकीट काढलं तर बाईंनी ते माझ्या हातानेच बंद केलं. “काल तुम्ही भाडेकरू होतात,” त्या म्हणाल्या, “आज समुद्राने ठेवून घेतलंय.” दुपारी त्यांनी मला जवळ उभं करून द्रुइलुर केली. बिनखमिराची भाकरी, पूर्वी जवाच्या पिठाची, चुलीच्या निखाऱ्यांत भाजायची. पीठ हाताने दाबून गोल करताना त्यांची बोटं माझ्या आईसारखी चालत होती. मी मांस खात नाही हे कळल्यावर त्यांनी उकडलेले बटाटे, लोणी आणि मुरंबा एवढंच ताटात ठेवलं, आणि स्वतःच्या ताटातही तेवढंच घेतलं. शेजारची सून फिलिपिन्सची. ती अंडी परत द्यायला आली आणि दार न वाजवता आत शिरली. ही पण जेस्तुर का, असं मी विचारलं. बाईंना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाल्या, “ती? ती आमच्या गल्लीतली.”

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं. मी वहीत मराठीत लिहिलं, खाली सही केली आणि बाईंच्या सांगण्यावरून ‘पाहुणा’ हा शब्द मोठ्या अक्षरात काढून दिला. कसा म्हणायचा ते त्यांनी तीनदा विचारून घेतलं आणि स्वतःच्या लिपीत शेजारी लिहिलं, ऐकू आला तसा, स्वाबोच्या पद्धतीने.

त्या स्वाबोचं एक सांगायचं राहिलं. गावोगाव हिंडून केलेला शब्दसंग्रह त्याने आयुष्यभर वाढवला. १८२४ला तो गरिबीत वारला, तेव्हा कोश हस्तलिखितातच होता. तो छापला १९६६ ते १९७० या काळात, क्रिस्तियान मात्रास यांनी संपादून. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं गेली, आणि त्यात किती म्हातारी माणसं आपापले शब्द घेऊन गेली असतील. आपल्याकडे पाराशी आलेल्या माणसाला साताऱ्यात पाव्हणं म्हणतात, मालवणात पावणो म्हणतात, गोव्याच्या कोकणीत घरी आलेला तो सोयरो. तुमच्या गावात काय म्हणत, कुणाला म्हणत आणि कुणाला म्हणत नसत, हे सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारा आणि ते म्हणतील तसंच लिहून ठेवा. शुद्धलेखन मागाहून तपासता येईल.